मेंदूतील लय आणि वाचनात अडखळणारे मूल

(तालुक्यातील शिक्षक-पालक मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्यापुढे जो विषय मांडावयाचा आहे तो प्रथमदर्शनी प्रयोगशाळेतला वाटेल. मानवी मेंदूत अहोरात्र चालणाऱ्या विद्युत्-लहरी, त्यांची लय, आणि त्या लयीचा आपल्या पाहण्याशी, ऐकण्याशी, लक्ष देण्याशी व वाचण्याशी असलेला संबंध, असा तो विषय आहे. मी शास्त्राचा पदवीधर नव्हे. शास्त्रज्ञांनी कष्टाने मिळविलेले ज्ञान गावागावांपर्यंत सोप्या भाषेत पोहोचविणे, एवढेच माझे काम. परंतु या विषयाची मुळे प्रयोगशाळेत असली तरी त्याची फळे आपल्या शाळेच्या बाकावर बसलेली आहेत, म्हणून तो आज मुद्दाम निवडला आहे.

प्रत्येक शाळेत असे एखादे मूल असते. बोलण्यात ते चलाख असते, तोंडी हिशेबात कोणास हार जात नाही, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते, बिघडलेली सायकल खोलून पुन्हा जोडते. मात्र पुस्तक उघडून 'वाच' म्हटले की त्याचा चेहरा उतरतो. एकेक अक्षर चाचपडत ते पुढे सरकते, काना-मात्रा गाळते, ओळ चुकते, आणि वाक्य संपेपर्यंत त्याच्या आरंभीचा अर्थ हरवून बसते. वर्गात हशा होतो. घरी 'आळशी', शाळेत 'मठ्ठ' अशी दोन विशेषणे त्याला चिकटतात आणि काही वर्षांनी ते मूल शाळेच्या पटावरून नाहीसे होते. अशा मुलांपैकी पुष्कळांची अडचण आळसाची नसते वा बुद्धीचीही नसते. तिला 'डिस्लेक्सिया' म्हणजे जन्मजात वाचन-अक्षमता असे नाव आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून शंभर मुलांमागे साधारणतः पाच ते दहा मुलांना ही अडचण असते असा अंदाज केला जातो. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले असणे अगदी संभवनीय आहे.

एका शिक्षकाची पारख

'डिस्लेक्सिया' हा शब्द १८८७ साली जर्मनीतील श्टुटगार्ट येथील नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी प्रचारात आणला. त्यांच्यासमोर होते ते मेंदूच्या विकारामुळे वाचनशक्ती गमावलेले प्रौढ रुग्ण. निरोगी मुलातही जन्मतः अशी अडचण असू शकते, हे १८९६ साली प्रथम स्पष्टपणे नोंदविले ते इंग्लंडमधील सीफर्ड या गावच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी. त्यांनी वर्णन केलेला चौदा वर्षांचा मुलगा हुशार होता, त्याची दृष्टी चांगली होती, खेळात तो कोणाच्या मागे नव्हता, अंक त्याला वाचता येत. परंतु वर्षानुवर्षे शिकवूनही साधे शब्द त्याला वाचता येत नसत. त्याच्या शिक्षकाचे मत डॉक्टरांनी आवर्जून नोंदविले आहे. सारे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे ते मत होते. या अडचणीचे मर्म रुग्णालयाच्या आधी वर्गात ओळखले गेले, ही गोष्ट शिक्षकवर्गास अभिमानास्पद आहे, आणि तितकीच जबाबदारीचीही आहे.

मेंदूची लय कशी सापडली

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. या पेशी परस्परांशी विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी व रसायनांनी बोलतात. पुष्कळ पेशी एकाच वेळी एकाच तालात चेतल्या की त्यांची एकत्रित लहर कवटीबाहेरूनही टिपता येते.

१८७५ साली लिव्हरपूल येथील रिचर्ड केटन यांनी प्राण्यांच्या मेंदूत विद्युत्-प्रवाह असल्याचे दाखविले होते. माणसाच्या मेंदूतील लहरी प्रथम कागदावर उमटविल्या त्या जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी. त्यांची कथा मनोरंजक आहे. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली सापडता सापडता वाचले. त्याच दिवशी दूर घरी त्यांच्या बहिणीच्या मनाने भावावर संकट आल्याचे घेतले आणि वडिलांनी खुशाली विचारणारी तार केली. विचार एका मनातून दुसऱ्या मनात जातात काय, या कुतूहलाने बर्गर मेंदूच्या संशोधनाकडे वळले. मनोमन संदेश काही त्यांना सापडला नाही. पण १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या लहरींचा पहिला आलेख त्यांनी मिळविला. पाच वर्षे पुन्हा पुन्हा पडताळा घेऊन १९२९ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. प्रारंभी कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिजचे एड्रियन व मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दुजोरा दिला, तेव्हा जगाने त्यांची दखल घेतली.

या लहरी अतिशय क्षीण असतात. डोक्यावर मिळणारा दाब विजेरीतील एका सेलच्या सुमारे तीस हजाराव्या भागाइतका असतो. लहरींचे वर्ग त्यांच्या वेगावरून केले आहेत. सेकंदास एक ते चार आवर्तने होतात ती डेल्टा, चार ते आठ ती थीटा, आठ ते बारा ती आल्फा, तेरा ते तीस ती बीटा, आणि त्याहून जलद ती गॅमा. माणूस स्वस्थ बसून डोळे मिटतो तेव्हा डोक्याच्या मागील भागात आल्फा लहर ठळक होते आणि डोळे उघडताच ती मंदावते, हे बर्गर यांनीच दाखविले होते.

पाहणे आणि लक्ष देणे

पूर्वी असा समज होता की आल्फा लहर म्हणजे मेंदूची विश्रांती. गेल्या काही दशकांतील संशोधनाने हे चित्र बदलले. समोरच्या पडद्यावर डावीकडे लक्ष ठेवा, नजर मात्र मध्यभागीच राहू द्या, असे सांगून प्रयोग केले गेले. डाव्या बाजूचे दृश्य मेंदूच्या उजव्या अर्धात पोहोचते. अशा वेळी उजव्या अर्धातील आल्फा लहर कमी होते आणि डाव्या अर्धातील वाढते. म्हणजे ज्या बाजूचे पाहावयाचे आहे तिकडील दार उघडले जाते आणि जिकडील नको तिकडील लोटून घेतले जाते. आल्फा लहर ही नुसती विश्रांती नसून नको त्या गोष्टी बाहेर ठेवणारा दरवानही आहे, असे आता अनेक शास्त्रज्ञ मानतात.

यापुढेही एक पाऊल पडले. फ्रान्समधील तुलूझ येथील रुफिन व्हानरुलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली असे दाखविले की, अत्यंत अंधूक असा प्रकाशाचा ठिपका क्षणभर चमकविला, तर तो दिसतो की नाही हे काही अंशी त्या क्षणी मेंदूतील लहर चढावर आहे की उतारावर आहे, यावर अवलंबून असते. ठिपका तोच आणि डोळा तोच, तरी एकदा दिसतो व एकदा दिसत नाही. आपले पाहणे नदीच्या प्रवाहासारखे अखंड वाटते. पण त्याच्या मुळाशी हलकासा ताल असतो.

यातून आम्हां वडीलधाऱ्यांना एक बोध घेण्यासारखा आहे. 'लक्ष दे' हे दोन शब्द आपण फार सहज उच्चारतो. लक्ष देणे ही केवळ इच्छेची बाब नव्हे. ते मेंदूला करावे लागणारे काम आहे, आणि काही मुलांना त्यासाठी इतरांहून अधिक श्रम पडतात.

बोलण्याची लय आणि वाचन

आता वाचनाकडे वळू. वाचन हे डोळ्यांचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. पण अक्षर ही ध्वनीची खूण आहे. ज्याला शब्दातील ध्वनी सुटे सुटे करून नीट ऐकू येतात त्याला त्या खुणा त्या ध्वनींशी जोडता येतात. ज्याच्या मनात ध्वनींच्या कडाच पुसट आहेत, त्याची ही सांगड कच्ची राहते. डिस्लेक्सियाच्या मुळाशी बहुतांश मुलांत ध्वनींची ही पुसट जाण असते, याविषयी संशोधकांत बरेच मतैक्य आहे. ती पुसट का असते, येथे लहरींचा प्रश्न येतो.

'शाळेला जातो' हे शब्द सहज उच्चारून पाहा. त्यांत पाच उच्चार-घटक आहेत आणि त्यांना लागतो सुमारे एक सेकंद. जगातील बहुतेक भाषा याच सुमाराच्या गतीने, म्हणजे सेकंदास चार-पाच घटक, अशा बोलल्या जातात. मेंदूतील थीटा लहरीची गतीही सेकंदास चार ते आठ. कानावर बोलणे पडू लागले की श्रवणकेंद्रातील लहरी त्या बोलण्याशी ताल जुळवून घेतात. दिंडीत टाळकरी मृदंगाशी आपोआप जुळतात, तसेच काहीसे हे आहे. या जुळणीमुळे बोलण्याचा अखंड ओघ योग्य ठिकाणी तोडला जातो आणि घटक वेगळे होतात. घटकांच्या आतील क्षणिक व्यंजने टिपण्यास सेकंदास तीसच्या आसपासची जलद लहर उपयोगी पडते, असा विचार आन-लीज जिरो व डेव्हिड पोपेल यांनी २०१२ साली मांडला.

केंब्रिज विद्यापीठातील उषा गोस्वामी यांनी या अंगाने दीर्घकाळ संशोधन केले आहे. घुमटावरची थाप आणि सारंगीवरचा गज यांतील भेद आठवा. थाप पडताच आवाज एकदम चढतो; गज फिरला की हळूहळू चढतो. आवाज किती झटकन चढतो हा भेद ओळखणे डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना कठीण जाते, असे त्यांच्या चमूने २००२ साली दाखविले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्रजी, स्पॅनिश व चिनी या तीन अगदी भिन्न भाषा बोलणाऱ्या मुलांत हीच अडचण आढळली. बोलण्यातील प्रत्येक घटकाच्या आरंभी आवाज चढतो, आणि तो चढच मेंदूच्या लयीला ताल देतो. चढ नीट जाणवला नाही तर ताल चुकतो, ताल चुकला तर घटकांच्या कडा पुसट होतात, आणि पुढे अक्षरे शिकताना ही उणीव उघडी पडते. त्याच वर्षी त्यांनी हा सिद्धान्त सविस्तर मांडला.

सिद्ध काय, असिद्ध काय

प्रसिद्धी खात्यातील माणसाने अशा वेळी विशेष जपून बोलावयास हवे. वरील विचार हा अद्याप सिद्धान्त आहे, सर्वमान्य निष्कर्ष नव्हे. काही प्रयोगांत डिस्लेक्सिया असलेल्यांच्या लहरींत फरक दिसला, काहींत दिसला नाही. शिवाय लहरींतील फरकामुळे वाचन मागे पडते, की वाचन कमी झाल्यामुळे लहरींत फरक पडतो, हा पेच आहेच. तो सोडविण्यासाठी केंब्रिज येथे चार, सात व अकरा महिन्यांच्या अर्भकांना बालगीते ऐकवून त्यांच्या मेंदूचे आलेख घेण्यात आले. अक्षरओळख होण्यापूर्वीच लय कशी घडते, हे पाहण्याचा तो प्रयत्न आहे.

२०२० साली जिनिव्हा येथील संशोधकांनी डिस्लेक्सिया असलेल्या काही प्रौढांच्या डाव्या श्रवणकेंद्रावर, डोक्याच्या बाहेरून, सेकंदास तीस आवर्तनांचा अतिसौम्य विद्युत्-प्रवाह वीस मिनिटे सोडला. त्यानंतर ध्वनी हाताळण्यात व अचूक वाचण्यात त्यांची थोडी सुधारणा झाली. परंतु हा परिणाम तात्पुरता होता, प्रयोग मोजक्या व्यक्तींवर होता आणि त्या सर्व प्रौढ होत्या. तेव्हा या प्रयोगाचे नाव सांगून उद्या कोणी यंत्र, टोपी वा औषधाची बाटली घेऊन दारी आला, तर पालकांनी त्याला नम्रपणे परत पाठवावे. डिस्लेक्सियावर असे कोणतेही झटपट उपचार नाहीत.

मग उपयोगी काय ठरले? ध्वनी आणि अक्षरे यांचा मेळ पायरीपायरीने, पद्धतशीर व पुनःपुन्हा शिकविणे, ही पद्धत आजवर सर्वांत भरवशाची ठरली आहे. लयबद्ध टाळ्या, ढोलके व गाणी यांच्या आधारे केंब्रिजमध्ये वाचनात मागे पडलेल्या मुलांवर छोटा प्रयोग झाला. २०१३ साली त्याचा वृत्तान्त आला. लयीच्या शिकवणीचा लाभ अक्षरांच्या शिकवणीइतकाच झाल्याचे त्यात दिसले. दोन्हींची जोड द्यावी, एवढे अनुमान त्यावरून काढता येते.

आपल्या पाठांतराच्या परंपरेत ठेक्यावर म्हटलेले पाढे, बाराखडी, आरत्या, फुगडीची गाणी आहेत. आमच्या पूर्वजांना मेंदूतील लहरी ठाऊक होत्या, असा दावा मी करणार नाही. तो सत्याला धरून होणार नाही. परंतु मुलांना शब्द ठेक्यात म्हणावयास लावणे, त्याबरोबर टाळी वाजविणे, शब्द तोडून मोजणे, यास खर्च येत नाही. नव्या पुस्तकांच्या भरात ही चाल शाळेतून निघून जाऊ नये, एवढेच सुचवितो.

आपली लिपी, आपली मुले

इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, म्हणून तेथे वाचताना चुका फार होतात. देवनागरीत बहुधा लिहावे तसे वाचावे. त्यामुळे आपल्याकडील डिस्लेक्सिया असलेले मूल चुका कदाचित कमी करील, पण वाचेल फार संथ. 'येते, पण हळू' असे म्हणून आपण ते सोडून देतो, आणि अडचण नजरेआड होते. शिक्षकांनी अचूकपणाबरोबर गतीकडेही पाहावे, ते यासाठी.

शिवाय देवनागरीच्या स्वतःच्या काही अवघड जागा आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो, उच्चारतो मात्र नंतर. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र', 'दऱ्या' या चार शब्दांत 'र' चार रूपांनी येतो, आणि रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांतील भेद एका रेघेचा वा एका गाठीचा. सराईत वाचकाला हे जाणवतही नाही. अडखळणाऱ्या मुलाला प्रत्येक शब्द हा घाट वाटतो. अशा जागा एकदम न शिकविता एकेक करून, बोटाने गिरवून, मोठ्याने उच्चारून पक्क्या कराव्यात.

आमच्या गोमंतकात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पुष्कळ मुलांची घरची भाषा कोकणी, शाळेतील मराठी, पुढे इंग्रजी. कामानिमित्त आलेल्या कुटुंबांतील मुलांची कन्नड वा हिंदी. नव्या भाषेमुळे येणारे अडखळणे म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे. ते सरावाने व सहवासाने दूर होते. उलट सगळाच दोष भाषेच्या माथी मारून खरी अडचण दडवणेही योग्य नाही. मुलाला जी भाषा उत्तम येते तीत त्याची पारख व्हावी, हा त्यावरील मार्ग होय. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाची चाचणी तयार केली, ती याच विचाराने. २०१५ साली ती उपलब्ध झाली, आणि हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही ती आहे.

कर्तव्य कोणाचे

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. मुलांतील अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून तिच्यावर योग्य शैक्षणिक उपाय योजावेत, हे कर्तव्य त्या कायद्याच्या सोळाव्या कलमात शासन व शाळांवर सोपविले आहे. म्हणजे ही मेहेरबानी नव्हे, मुलाचा हक्क आहे. अधिकारी बंधूंना विनंती अशी की, असा अर्ज समोर आला तर तो मुलाच्या एका इयत्तेइतका काळ टेबलावर पडून राहू नये.

शिक्षकांनी पुढील गोष्टी पाहाव्यात. तोंडी उत्तरे आणि लेखी उत्तरे यांत मोठी तफावत आहे काय? यमक जुळविणे, शब्दाचा पहिला ध्वनी सांगणे, ठेक्यावर टाळी धरणे जड जाते काय? पुरेसे शिकवूनही वाचन संथच आहे काय? असे आढळल्यास प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. त्यांत दोष नसेल तर तज्ज्ञांकडे पाठवावे. दरम्यान त्या मुलाला वर्गासमोर अचानक उभे करून वाचावयास लावू नये, लिहिण्यास जास्त वेळ द्यावा, आणि जे तोंडी येते ते तोंडी विचारावे.

पालकांनी लक्षात ठेवावे की ही अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते. त्यात आईचा दोष नाही, बापाचाही नाही. बाळपणी मुलाशी भरपूर बोला, गाणी म्हणा, मोठ्याने वाचून दाखवा. स्वतःला वाचता येत नसेल तर गोष्ट सांगा. कानाचे शिक्षण तेथूनही होते. आणि मुलाला मारू नका. माराने लहरींची लय सुधारत नाही. केवळ पुस्तकाची भीती बसते.

बर्गर यांना मनोमन चालणारा संदेश हवा होता, त्यांना मिळाली एक बारीकशी लहर. ती समजून घेण्यास शंभर वर्षे लागली आणि अजून ती पुरती समजलेली नाही. शास्त्राला वाट पाहता येते. तिसऱ्या इयत्तेतील मुलाला मात्र वाट पाहता येत नाही. त्याचे वर्ष निघून जाते. तेव्हा सारे प्रश्न सुटेपर्यंत न थांबता, आज जेवढे निश्चित ठाऊक आहे तेवढ्यावर उद्यापासून वर्गात काम सुरू व्हावे, अशी आपणा सर्वांस विनंती करतो.